निळ्या किरणाचा ड्राइव्ह आणि आमच्या नाटकाचा तिसरा अंक



मागे मी आमच्या शाखेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हाची गंमत लिहिली होती. त्यावर बऱ्याच जणांनी लिहिलं की काका, घरातल्या कॉम्प्युटरचंही लिहा. लिहायचं मनात होतं, पण निमित्त मिळत नव्हतं. ते गेल्या महिन्यात मिळालं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना कॉम्प्युटर खाली काढला. धूळ पुसली. नातीने पुढचं बटण दाबलं. वीज जोडलेली नव्हती, त्यामुळे काही झालं नाही. तिने विचारलं, "आजोबा, ये बटन किस चीज़ का है?" (इंदुरात जन्मलेली पोरगी, मराठी समजते सगळं, बोलते हिंदीत. आपल्या सगळ्यांच्या घरी हेच आहे.) मी म्हटलं, बाळ, इथून एक तबक बाहेर येतं, त्यावर चकती ठेवायची, की सिनेमा दिसतो. तिला ते परीकथेसारखं वाटलं. मला मात्र ते बटण बघून 2008 चा पाडवा आठवला, आणि त्याच्या पाठोपाठ एक चूकही आठवली. आज दोन्ही लिहितो.

आमच्या पिढीने घरात सिनेमा किती वेषांत पाहिला ते आठवून बघा. आधी रीगल नाहीतर यशवंत टॉकीजला जाणं, एवढाच सिनेमा. मग 1982 च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आले आणि त्यामागे व्हीसीआर. रामबागेतल्या आमच्या वाड्यात एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत तीन कॅसेटी, आणि पहाटेपर्यंत सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून बघायच्या. पुढे व्हीसीडी आली. एका चकतीत 74 मिनिटं, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या हव्यातच. चकती बदलायला मध्यंतरच व्हावं असं काही नाही, ऐन गाण्यातही उठावं लागे. मग डीव्हीडी. आणि 2007 च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, तेव्हा तर भाजीच्या पिशवीतून सिनेमे घरी येऊ लागले.

तोवर आमच्याकडे 22 इंची एलसीडी मॉनिटरचा कॉम्प्युटर आला होता. चिरंजीव न्यू जर्सीला. त्याचा फोन आला की बाबा, आता हाय डेफिनिशन सिनेमे निघालेत, एकदा बघाल तर डीव्हीडी परत लावणार नाही. त्याच सुमारास माझं एक रिकरिंग पिकलं होतं. कर्ज देण्याआधी कागद तपासायची सवय असल्यामुळे मी आधी माहिती काढायला बसलो.

मी बी.कॉम. माणूस. फिजिक्सशी मॅट्रिकनंतर संबंध नाही. पण आकडे मला बोलतात. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, म्हणजे एक लाखाच्या आसपास ठिपके. आपल्याकडची डीव्हीडी 720 बाय 576, म्हणजे 4,14,720. आणि हाय डेफिनिशन 1920 बाय 1080, म्हणजे 20,73,600. गुणाकार करून बघा, डीव्हीडीच्या बरोब्बर पाचपट, एक ठिपका कमी नाही की जास्त नाही.

आता पाचपट ठिपके ठेवायचे तर चकती मोठी करायला हवी. पण चकती तीच, 12 सेंटीमीटरची, 1982 साली फिलिप्स आणि सोनीने सीडी आणली तेव्हापासूनची. मग जागा कुठून आणली? तर टाक बारीक केला. आमच्या जुन्या लेजरमध्ये जाड निबाने लिहिणारा कारकून एका पानात वीस नोंदी बसवायचा, आणि बारीक निबाचा चाळीस. इथे निब म्हणजे लेसरचा किरण. सीडीचा किरण 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा 650, लाल. नवा किरण 405 चा, निळा-जांभळा. किरण जितका आखूड तरंगाचा तितका त्याचा ठिपका बारीक करता येतो आणि तितक्या नोंदी दाटीने बसतात.

हा निळा प्रकाश मिळवणं सोपं नव्हतं. लाल दिव्याचे छोटे डायोड कधीचे होते, पण चांगला निळा काही केल्या जमत नव्हता. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो, आणि त्यांच्यापासून वेगळे, निचिया नावाच्या कंपनीत काम करणारे शुजी नाकामुरा, यांनी चिकाटीने तो जमवला. 1993 मध्ये नाकामुरांचा तेजस्वी निळा डायोड आला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत निळा लेसर. या तिघांना 2014 साली फिजिक्सचं नोबेल मिळालं. आपल्या घरातले पांढरे एलईडी दिवेसुद्धा त्याच शोधाची लेकरं.

टाक मिळाला, पण वही कोणत्या मापाची यावरून भांडण लागलं. फेब्रुवारी 2002 मध्ये सोनी, फिलिप्स, मात्सुशिता, पायोनियर वगैरे नऊ कंपन्यांनी ब्लू-रे जाहीर केली. दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि एनईसी यांनी एचडी डीव्हीडी पुढे केली. ब्लू-रेच्या एका थरात 25 जीबी, दोन थरांत 50. एचडी डीव्हीडीत 15 आणि 30. कारण असं की ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त 0.1 मिलिमीटरवर असतो, त्यामुळे किरण अधिक बारीक एकवटता येतो. पण त्यासाठी कारखान्यात नवी यंत्रं हवीत, आणि ओरखड्यांपासून वाचवायला वर कठीण लेप द्यावा लागतो. एचडी डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरवर, डीव्हीडीसारखाच. म्हणजे जुन्या कारखान्यात थोड्या फेरफाराने काम भागतं, माल स्वस्त पडतो. एकाकडे जागा जास्त, दुसऱ्याकडे खर्च कमी. 2005 मध्ये दोघांना एकत्र आणायची बोलणी झाली, ती फिसकटली. आणि 2006 च्या मार्चमध्ये एचडी डीव्हीडी, जूनमध्ये ब्लू-रे, अशी दोन्ही दुकानं उघडली.

आमच्या पिढीला हे नवं नव्हतं. 1975 चा सोनीचा बीटामॅक्स आणि 1976 चा जेव्हीसीचा व्हीएचएस, यांचं भांडण आपण बघितलेलं. ज्यांनी हौसेने बीटामॅक्स घेतला त्यांना पुढे कॅसेट मिळेना. म्हणून मी सावध होतो.

माझा भाचा तेव्हा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरच्या दुकानात काम करायचा. त्याच्याशी बोलून मी कागदावर तीन रकाने आखले.

पहिला रकाना, चिरंजीवाचा पर्याय. एक्सबॉक्स नावाच्या खेळाच्या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने एचडी डीव्हीडीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढला होता. तो यूएसबीने कॉम्प्युटरलाही चालायचा आणि तिकडे स्वस्त होता. चिरंजीवाचा मुद्दा बिनतोड होता. एचडी डीव्हीडीला देशांचे विभाग नाहीत, त्याने तिकडून पाठवलेली चकती इथे सरळ चालणार. ब्लू-रेत मात्र अमेरिका 'ए' विभागात आणि भारत 'सी'त. (डीव्हीडीत आपण पाचवे, अमेरिका पहिली. कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हला विभाग पाच वेळाच बदलता येतो, मग तो कायमचा तिथेच बसतो.)

दुसरा रकाना, आतमध्ये बसवायचा ब्लू-रे ड्राइव्ह. यातही दोन जाती. एक ब्लू-रे फक्त वाचणारी, लिहायचं झालं तर सीडी-डीव्हीडीच लिहिणारी. दुसरी ब्लू-रेही लिहिणारी. लिहिणारीची किंमत साध्या डीव्हीडी रायटरच्या दहापटीहून जास्त. नुसती वाचणारी त्याच्या निम्म्याहून कमी.

तिसरा रकाना, दोन्ही प्रकारच्या चकत्या वाचणारा ड्राइव्ह. एलजीने असं दुहेरी यंत्र 2007 मध्ये आणलं होतं. भाचा म्हणाला, "मामा, हे घ्या, कोणीही जिंको." पण किंमत बघून मी तो रकाना खोडला.

मग मी कर्जदाराची तपासावी तशी दोन्ही पक्षांची पत तपासली. माल किती चांगला यापेक्षा जामीनदार कोण हे बघायचं, हे आम्हाला बँकेने शिकवलेलं. इथे जामीनदार म्हणजे सिनेमे काढणाऱ्या कंपन्या. डिस्ने, फॉक्स आणि सोनी स्वतः ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीकडे, आणि ऑगस्ट 2007 मध्ये पॅरामाउंटही तिकडे गेली. वॉर्नर दोन्ही डगरींवर पाय ठेवून. शिवाय सोनीने नोव्हेंबर 2006 पासून प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह आतच बसवलेला, म्हणजे खेळायला म्हणून यंत्र घेणाऱ्याच्याही घरात ब्लू-रे आपोआप पोचत होती. मी चिरंजीवाला म्हटलं, वॉर्नर एका बाजूला बसेपर्यंत मी थांबतो.

फार थांबावं लागलं नाही. 4 जानेवारी 2008 ला वॉर्नरने जाहीर केलं की यापुढे फक्त ब्लू-रे. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांनी एचडी डीव्हीडी उतरवायला सुरुवात केली, आणि 19 फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. चिरंजीवाचा फोन आला, "बाबा, तुम्ही बरोबर होतात." मुलाकडून हे वाक्य ऐकायला भाग्य लागतं! मी ते इतक्यांदा घरात सांगितलं की आमच्या सौ. म्हणाल्या, "आता त्याची फ्रेम करून लावा."

पाडव्याला, म्हणजे 6 एप्रिलला, ड्राइव्ह घरी आला. वाचणारा. लिहिणारा नव्हे. हे लक्षात ठेवा.

भाच्याने कॅबिनेट उघडून तो साटा केबलने जोडला. खोक्यावर वेगाचे आकडे मोठ्या अक्षरात छापलेले. भाच्याने एक गोष्ट चांगली सांगितली, सिनेमा बघायला त्या वेगाची गरज नाही. ब्लू-रेचा एकपट वेग सेकंदाला 36 मेगाबिट, आणि सिनेमाला जास्तीत जास्त 54 लागतात. म्हणजे दुप्पट वेगाचा ड्राइव्हही पुरून उरतो. जास्तीच्या वेगाला जास्तीचे पैसे देऊ नयेत.

संध्याकाळी शेजारची मंडळी बोलावली. पोहे, शेव, जिलबी झाली. चकती घातली, ड्राइव्ह घुमला, आणि पडदा काळा. वर इंग्रजीत दोन ओळी, की हा मॉनिटर सुरक्षित नाही, चित्र दाखवता येत नाही. सौ. अंधारात म्हणाल्या, "एवढे पैसे देऊन अंधारच बघायचा होता, तर नुसते दिवे मालवले असते."

तेव्हा कळलं की ड्राइव्ह निवडणं म्हणजे साखळीतली एक कडी निवडणं. चोरी होऊ नये म्हणून या चकत्यांवर कुलूप असतं. ड्राइव्हपासून ग्राफिक्स कार्ड, कार्डापासून केबल, केबलपासून मॉनिटर, प्रत्येकाने आपली ओळख पटवावी लागते. त्यातल्या कार्ड ते मॉनिटर या टप्प्याच्या कुलपाला एचडीसीपी म्हणतात. माझा मॉनिटर पात्र होता, कार्ड जुनं होतं. नवं कार्ड घेतलं, त्याने एक काम आणखी केलं. एवढं मोठं चित्र उलगडायचा भार त्याने स्वतःवर घेतला, नाहीतर आमच्या प्रोसेसरला धाप लागली असती. विंडोजला ब्लू-रे स्वतःहून चालवता येत नाही, म्हणून प्लेअरचं सॉफ्टवेअर वेगळं. त्या सॉफ्टवेअरच्या किल्ल्याही अधूनमधून बदलाव्या लागतात, नाहीतर नवा सिनेमा उघडत नाही. खात्यात पैसे असून सही जुळत नाही म्हणून चेक परत यावा, तसा प्रकार.

आठवड्याने पुन्हा चकती घातली. चिरंजीवाने पाठवलेली बीबीसीची 'प्लॅनेट अर्थ'. अमेरिकेतून आली तरी ती चालली. बऱ्याच ब्लू-रे चकत्यांना विभागाचं कुलूप घालतच नाहीत, हे नंतर समजलं. पर्वतांच्या भागात बर्फातला तो बिबट्या आला. अंगावरचा एकेक केस मोजावा असा. सौ. खुर्ची पुढे ओढत ओढत मॉनिटरच्या फूटभरावर जाऊन बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वसूल झाले."

इथवर माझी निवड बरोबर होती. आता चूक सांगतो.

2009 च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने तीन अंकी नाटक केलं. त्यात सौ.नी आईचं काम केलं होतं. पन्नाशीनंतर पहिल्यांदा स्टेजवर. महिनाभर स्वयंपाक करताना संवाद म्हणायच्या, मी समोरच्याची वाक्यं वाचायचो. मंडळाने एका ओळखीच्या व्हिडिओवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे नवा हाय डेफिनिशन कॅमेरा होता. नंतर त्याने विचारलं, कशावर देऊ? ब्लू-रेवर लिहून घ्यायचं तर लिहिणारा ड्राइव्ह तुमचा लागेल, माझ्याकडे नाही. माझ्याकडेही नव्हता. मी म्हटलं, डीव्हीडीवर दे, तीन अंकांच्या तीन. त्याने दिल्या. मूळ टेपा त्याने पुढच्या लग्नांत वापरून टाकल्या, त्याचा धंदाच तो.

म्हणजे हिशेब असा झाला. बर्फातल्या बिबट्याचे वीस लाख ठिपके माझ्या कपाटात होते, आणि घरच्या माणसाचे चार लाख. पाचातले चार हिस्से मी स्वतःच्या हाताने सोडून दिले. दुकानात तीन रकाने आखताना मी एकच प्रश्न विचारला होता, बघायला काय चांगलं? ठेवायला काय चांगलं, हा रकानाच मी आखला नाही. चाळीस वर्षं लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या माणसाने!

सौ. 2016 मध्ये गेल्या. त्यानंतर त्या चकत्या लावायची हिंमत झाली नाही. गेल्या महिन्यात नातीने विचारलं, आजी स्टेजवर कशी दिसायची? भाच्याला बोलावलं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि हल्लीच्या बऱ्याच कॅबिनेटांना पुढे तो बसवायचा खाचाही नसतो. मग माळ्यावरच्या त्याच जुन्या डब्याला वीज दिली. तबक बाहेर आलं. पहिला अंक चालला. दुसरा अडखळत चालला. तिसऱ्यात, आई मुलाला निरोप देते त्या प्रवेशाच्या आधी, चित्र थिजलं. भाच्याने आणखी दोन ड्राइव्हमध्ये घालून पाहिलं. शेवटची अकरा मिनिटं कोणालाच वाचता आली नाहीत. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने, उष्णतेने, वयाने विटतो. आमचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला होतं.

नातीने दोन अंक पाहिले. मग म्हणाली, "आजी तो मेरे जैसी हँसती थी." एवढं मिळालं.

जिंकलेल्या ब्लू-रेचंही आता उतरतं वय आहे. 4के चकत्या आल्या, 100 जीबीपर्यंतच्या, त्यांना विभागांची भानगड नाही. पण कॉम्प्युटरवर त्या अधिकृतपणे बघायला इंटेलच्या सातव्या पिढीपासून जी खास सोय लागायची, ती इंटेलने नंतरच्या पिढ्यांतून काढून टाकली. म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतला तर सिनेमा कमी दिसणार! आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे चकत्या बनवणं थांबवलं. युद्ध जिंकलेल्याचंही दुकान एक दिवस आवरतंच.

म्हणून माझं एवढंच सांगणं. आज कुणाला ड्राइव्ह घ्यायचा असेल तर लिहिणारा घ्या, फक्त वाचणारा नको. कोऱ्या ब्लू-रे चकत्या घेताना खोक्यावर एलटीएच लिहिलेल्या टाळा, त्यांत डीव्हीडीसारखंच रंगद्रव्य असतं. चकत्या उभ्या ठेवा, सावलीत ठेवा. आणि एकाच चकतीच्या भरवशावर राहू नका. हार्ड डिस्कवर एक प्रत, दुसऱ्या गावातल्या मुलाकडे एक प्रत, आणि दर काही वर्षांनी उघडून बघायची. आम्ही बँकेत तिजोरीची किल्ली दोघांकडे ठेवायचो, ते काही उगाच नाही. मुंज, लग्न, गणपतीतली नाटकं, कोणाच्या आजोबांनी म्हटलेली भूपाळी, हे कोणतीही कंपनी पुन्हा छापणार नाही. बिबट्या पुन्हा मिळेल.

आणि एक विनंती. 2009 च्या गणपतीत आमच्या मंडळाच्या त्या नाटकाला तुमच्यापैकी कोणी असेल, आणि मोबाइलवर किंवा हँडीकॅमवर तिसऱ्या अंकाचा शेवट घेतला असेल, तर जरा जुनी कपाटं, जुने मेमरी कार्ड उघडून बघा. ठिपके कितीही असोत, चालतील.

कळावे, लोभ असावा.